दारातले बूट आणि कुत्ना होरा

दोन माणसांनी सकाळी प्रागच्या स्टेशनात गाडीत बसायचं, तासाभरानं कुत्ना होराला उतरायचं, चांदीची जुनी खाण बघायची, कुठंतरी गरम सूप प्यायचं आणि अंधार पडायच्या आत घरी यायचं. यात योजना आखण्यासारखं काय आहे? शेळीसुद्धा हे करू शकेल, फक्त तिचं तिकीट कुणीतरी काढून द्यावं लागेल. पण शेळीला शेजारी नसतात. मला आहेत. आठ मजले भरून आहेत.

झालं असं, की माझ्या बायकोचा, ब्लाझेनाचा, साठावा वाढदिवस जवळ आला. मी तिला विचारलं, काय हवं? नवऱ्यानं असं विचारलं की बायका "काही नको" म्हणतात आणि मग दहा वर्षं ते "काही" लक्षात ठेवतात. ही मात्र भांडी पुसता पुसता सरळ म्हणाली, "मला त्या खाणीत उतरायचंय."

"कुठल्या खाणीत?"

"कुत्ना होराच्या. चौथीत असताना सहल गेली, तेव्हा नेमके माझे टॉन्सिल सुजले. अख्खा वर्ग पांढरे डगले आणि हेल्मेटं घालून फोटोत उभा आहे. मी तेवढी नाही. त्यानंतर जो भेटतो तो तिथं जाऊन आलेला असतो."

"हात्तिच्या! मग जाऊ की. येत्या शनिवारी."

"आपण दोघंच, ओताकार. या इमारतीतलं चिटपाखरू नको. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो. नाताळात मासे विकणारा "आजच तळ्यातून काढलेत" म्हणाला की ती त्याच्याकडे जशी बघते, तशी माझ्याकडे बघून तिनं फडकं झटकलं.

आता बुटांचं सांगतो, कारण सगळा घात बुटांनी केला. आमच्याकडे घरात बूट घालून कुणी येत नाही. दाराबाहेर पायपुसण्याशेजारी काढायचे, आत सपाता घालायच्या, पाहुण्यालाही सपाता द्यायच्या. रीत उत्तम आहे. पण त्यामुळे जिन्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला कोण घरात आहे, कोण बाहेर गेलंय, कुणाकडे कोण आलंय आणि त्याची टाच किती झिजलीय, हे सगळं फुकटात कळतं. आमच्या समोरच्या दारातल्या पेल्त्सोवाबाई वर्तमानपत्र घेत नाहीत. त्यांना त्याची गरजच पडत नाही.

मंगळवारी मी माझे डोंगरात चालायचे बूट काढले, त्यांना चरबी चोळली आणि वास घरात नको म्हणून दाराबाहेर ठेवले. दार लोटतोय तोच समोरचं दार उघडलं.

"व्होंद्रुश्कासाहेब, बुटांना चरबी लावलीत वाटतं?"

"जरा कोरडे पडले होते."

"मे महिन्यात? पाऊस नाही, अळंबी उगवायला अवकाश आहे. मग चाललात कुठं?"

"कुठंच नाही."

"आणि ब्लाझेनाबाईंचेही पुसून ठेवलेत. म्हणजे दोघंही कुठंच नाही?"

ज्या माणसाला स्वतःचा थोडाफार मान आहे, त्याला कुठंच न जाण्यासाठी बूट चरबावणारा येडा म्हणून इमारतीत राहता येत नाही. मी आवाज खाली आणून म्हणालो, "कुत्ना होराला. पण कुणाला बोलू नका."

"अगंबाई, मी कशाला कुणाला बोलतेय!" त्या म्हणाल्या. संध्याकाळी लिफ्टमध्ये एका अनोळखी माणसानं मला सांगितलं की खाणीत थंडी असते, स्वेटर घ्या.

बुधवारी इंजिनियरसाहेब आले. यांचं नाव श्क्वोर, पण ते नावानं हाक मारलेली ऐकू येत नसल्यासारखं करतात. आयुष्यभर कुठल्याशा कारखान्यात नळाच्या तोट्या आखल्या आणि निवृत्त होऊन आमच्या इमारतीच्या समितीचे अध्यक्ष झाले. म्हणजे पूर्वी तोट्यांना जे भोगावं लागत होतं ते आता आम्हाला. सपाता घालून ते माझ्याच खुर्चीत बसले.

"गाडीनं जाताय म्हणे?"

"हो."

"मग तुम्हाला हे ठाऊकच असेल, की मोठं स्टेशन गावात नाही. तिथं उतरून दुसऱ्या छोट्या गाडीत बसावं लागतं. ती चुकली तर?"

"चालत जाऊ."

"साठीची बाई चालत नेणार?" त्यांनी स्वयंपाकघराकडे असं पाहिलं, जसं काही आत स्ट्रेचर ठेवलंय. "बरं, खाणीचं आरक्षण केलंत?"

केलं नव्हतं. आणि इथं माझा स्वभाव आड आला. आरक्षणाशिवाय मी केस कापायलासुद्धा जात नाही. त्यांच्यासमोरच खाणीच्या कचेरीत फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती.

"दोघंच ना? या की. दारातच तिकीट मिळतं."

"पण आरक्षण?"

"ते दहा किंवा जास्त जणांच्या गटाला लागतं. तुम्हाला कशाला?"

"आणि गर्दी असली तर?"

"तर थोडं थांबायचं," ती म्हणाली.

थांबायचं! मी उभा जन्म पाणीपुरवठ्याच्या कचेरीत खिडकीमागे बसून लोकांना थांबवलं. आता मी खिडकीपुढं उभा राहू? शेजारून इंजिनियरसाहेब कुजबुजत होते, "दहा म्हणा, दहा म्हणा." आणि माझ्या तोंडून शब्द गेला, "आम्ही दहा असलो तर?"

रात्रीच्या जेवणाला ब्लाझेनानं विचारलं, "झालं का काही?"

"आरक्षण झालं."

"दोघांचं?"

"त्यात आपण दोघं आहोत," मी म्हणालो. तिनं सूपचा चमचा खाली ठेवला आणि पुन्हा उचलला.

दहा माणसं जमवायला मला काही करावं लागलं नाही. आमच्या इमारतीत गटार तुंबलं तर दोन महिने माणूस मिळत नाही, पण दुसऱ्याच्या सहलीला गूळ दिसल्यासारखे मुंगळे जमतात. पाचव्या मजल्यावरच्या कोहौटनी सांगितलं की त्यांच्या मेव्हण्याची, रुदाची, स्वतःची बस आहे आणि तो आपल्याला नेईल, "घरचंच माणूस, पेट्रोल घाला फक्त." हे कोहौट म्हणजे दिलदार माणूस. देहानं तर फारच दिलदार. लिफ्टमध्ये ते एकटे शिरले की ती आपण होऊन खाली येते.

गुरुवारी संध्याकाळी आमच्या घरी बैठक ठरली. कुणी ठरवली ते मला अजून कळलेलं नाही. माणसं आली, बाहेर बूट काढले, आमच्या सपाता संपल्या, मग पेल्त्सोवाबाईंच्या आणल्या, त्याही संपल्या. बाहेर बुटांचा हा ढीग! आणि आमच्याकडे दारासमोर बुटांचा ढीग दोनच प्रसंगी दिसतो: लग्न किंवा मयत. माझ्या घरात लग्नाचं कुणी नाही हे सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे जिन्यानं येणारा प्रत्येक जण ढीग बघून थबकायचा, चेहरा पाडायचा, बूट काढायचा आणि आत यायचा. सातव्या मजल्यावरचे एक गृहस्थ तर काळा टाय लावून आले. मीच दार उघडलं तर हबकून म्हणाले, "अरेच्चा! म्हणजे ब्लाझेनाबाई?"

"ती स्वयंपाकघरात आहे."

"मग सगळे का जमलेत?"

"शनिवारी कुत्ना होराला जायचंय."

"असं होय," ते म्हणाले, टाय सैल केला, हॅम आणि अंडं लावलेले पावाचे दोन तुकडे उचलले आणि खिडकीजवळची जागा मागितली. माझ्या मरणापेक्षा सहल त्यांना जास्त आवडलेली दिसली.

ब्लाझेना पावाचे तुकडे लावत होती, कॉफी ओतत होती. बाहेरच्या खोलीत सतरा डोकी, अठरा मतं. एकाला खाणीआधी बिअर हवी, एकाला नंतर, एकाला खाणीऐवजी. पेल्त्सोवाबाईंना कुत्रा न्यायचा होता. "तो माणसांसारखाच आहे हो," त्या म्हणाल्या, आणि खोलीभर नजर टाकल्यावर मला तो कुत्र्याचा अपमान वाटला.

तेवढ्यात इंजिनियरसाहेबांनी चमच्यानं कप वाजवला. "एक तांत्रिक मुद्दा. खाणीत एके ठिकाणी वाट जेमतेम दोन विती रुंद आहे. कोण मावतं, कोण नाही, हे इथंच बघितलेलं बरं. आत अडकल्यावर बघण्यात अर्थ नाही."

सगळ्यांना एकदम कामाचा हुरूप आला. चौघांनी माझं कपाट ओढून काचेच्या कपाटासमोर आणलं. इंजिनियरसाहेबांनी खिशातून टेप काढून मधलं अंतर मोजलं. तो टेप ते झोपतानाही काढत नसावेत. मग एकेक जण आडवा होऊन जाऊ लागला. पेल्त्सोवाबाई गेल्या. कुत्रा दोनदा गेला. इंजिनियरसाहेब श्वास कोंडून गेले आणि पलीकडे लाल होऊन उभे राहिले. मग कोहौट शिरले. अर्धे गेले. अर्धे राहिले.

"पोट आत घ्या!" कुणी ओरडलं.

"आतच आहे!" कोहौट ओरडले.

"मागून ढकला!"

"नको, पुढून ओढा!"

दोन्ही झालं, एकाच वेळी. कोहौट सुटले. काचेचं कपाट मात्र पुढं झुकलं आणि त्यातली, ब्लाझेनाच्या आईची, निळ्या नक्षीची चहाची किटली जमिनीवर येऊन फुटली.

मग इंजिनियरसाहेब म्हणाले, "दुर्दैवी आहे, पण उपयुक्त आहे. सिद्ध झालं की गटातल्या बऱ्याच जणांना खाण झेपणारी नाही. खाण रद्द करून त्या वेळात निवांत जेवण घ्यावं असा ठराव मी मांडतो."

हात वर झाले. भराभर झाले. आणि मंडळी, सहलीचा पुढारी म्हणून सगळ्यांचे डोळे माझ्यावर आहेत, बहुमत एका बाजूला आहे, कोहौट कपाळाचा घाम पुसत माझ्याकडे केविलवाणं बघतायत, अशा वेळी माणसानं करायचं काय? माझाही हात वर गेला. बघतो तर स्वयंपाकघराच्या दारात ब्लाझेना, हातात सुपली आणि झाडू. ती फुटलेल्या किटलीकडे बघत नव्हती. माझ्या हाताकडे बघत होती. मला अशी लाज वाटली म्हणून सांगू, की तो हात कुठं ठेवावा तेच कळेना. शेवटी मी त्याच हातानं पावाचा तुकडा उचलला.

"बस किती वाजता आहे?" तिनं विचारलं.

"सातला."

"बरं," ती म्हणाली आणि तुकडे गोळा करू लागली.

शुक्रवारी तिनं डुकराच्या मांसाचे काप पावाच्या चुऱ्यात घोळून रीझेक तळले. सहलीला रीझेक नाही म्हणजे आमच्या देशात सहल नाही. माणूस हिमालयावर गेला तरी डब्यात रीझेकच निघेल. मी भोवती घुटमळत म्हणालो, "जेवणानंतर वेळ उरला तर आपण दोघं पटकन खाणीत..."

"तू माणसं मोज, ओताकार," ती म्हणाली. एवढंच.

शनिवारी मी दाढी करत होतो तेव्हा ती न्हाणीघराच्या दारातून म्हणाली, "मी निघते. डबा टेबलावर आहे." मी तोंडाला फेस लावलेला, "हो हो" म्हणालो. खाली आलो तर रुदाची बस उभी. प्रत्येकाच्या हातात टोमॅटोच्या रोपांच्या कुंड्या! कारण रुदाची, कोहौटची आणि अजून कुणाकुणाची रानातली कुटी साझावा नदीच्या काठी आहे आणि कुत्ना होरा "त्याच बाजूला" आहे. आमच्याकडे प्रत्येकाची रानात एक कुटी असते, ती कधीच बांधून पूर्ण होत नाही आणि जगातला प्रत्येक रस्ता तिच्या बाजूनंच जातो. बसच्या पोटात डिक्कीभर सिमेंटची पोती होती. मागच्या अर्ध्या बसमध्ये टोमॅटोचं रान माजलेलं, पलीकडचं माणूस दिसेना.

"ब्लाझेना मागं आहे ना?" मी विचारलं.

पेल्त्सोवाबाई म्हणाल्या, "त्यांचे बूट कधीच गेलेत दारातून. मी साडेसहालाच बघितलं. त्या तर सगळ्यांत आधी उतरल्या." बुटांची साक्ष आमच्या इमारतीत कोर्टातसुद्धा चालेल. मी पुढारी, म्हणून पुढं ड्रायव्हरशेजारी जाऊन बसलो.

रुदानं बस नदीकडे वळवली. "दोन मिनिटं. पोती टाकतो आणि निघतो." कुटीपाशी पोती उतरली. तिथं अर्धवट ओतलेला ओटा होता. इंजिनियरसाहेब खाली उतरले, ओट्याभोवती एक फेरी मारली आणि मान हलवली.

"हे मिश्रण कुणी केलंय?"

"मी," रुदा म्हणाला.

"वाळू जास्त झालीय. हिवाळ्यात तडे जातील."

"काय सांगता!" म्हणत कोहौटनी शर्ट काढला. बस, खेळ खलास. आमच्या लोकांपुढे राजवाडा ठेवा, जांभया देतील. पण दुसऱ्याच्या अर्धवट ओट्यापाशी आले की हात शिवशिवतात. काळ्या टायवाले फावडं घेऊन उभे राहिले. कुणी मिक्सर चालू केला, कुणी तळघरातून बिअरचं पिंप ढकलत आणलं. मी ओरडतोय, "अहो, कुत्ना होरा! जेवणाची टेबलं सांगून ठेवलीयत!"

रुदा म्हणाला, "व्होंद्रुश्कासाहेब, कुत्ना होरा शेकडो वर्षं तिथंच आहे. ते काय पळून जातंय? सिमेंट मात्र वाळतं." आणि त्यानं माझ्या हातात बादली दिली.

दुपारी डबा उघडायची वेळ झाली. ब्लाझेनाला हाक मारायला मी बसमध्ये चढलो, टोमॅटो बाजूला सारले. मागच्या बाकावर पेल्त्सोवाबाईंचा कुत्रा झोपलेला. दुसरं कुणी नाही. खाली येऊन सांगितलं तर मिक्सर बंद झाला आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"पण बूट नव्हते हो दारात," पेल्त्सोवाबाई रडवेल्या होऊन म्हणाल्या. "बूट कसे खोटं बोलतील?"

बूट खोटं बोलले नव्हते. ती निघालीच होती, फक्त आमच्याबरोबर नाही. मी फोन लावला.

"ब्लाझेना! कुठं आहेस तू?"

"पांढरा डगला घालतेय. लांब आहे, पायात येतोय."

"तू... खाणीत? गेलीस कशी?"

"मोठ्या गाडीनं. मग छोट्या गाडीनं. माझ्यासमोरच उभी होती."

"आणि आरक्षण?"

"रांगेत उभी राहिले. पुढं एक जोडपं होतं, मागं शाळेची सहल. गप्पा मारेपर्यंत नंबर आला. तुम्ही पोचलात का?"

कोहौटना राहवलं नाही, त्यांनी मिक्सर पुन्हा चालू केला. "वाटेत आहोत," मी म्हणालो.

"काय घरघरतंय तिकडं?"

"बस."

"बरं. ठेवते आता, दिवे देतायत." आणि तिनं फोन ठेवला.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा बैल रिकामाही नव्हता, दिवेलागणीपर्यंत सिमेंटच्या बादल्या वाहत होता. ओटा मात्र सुरेख झाला. इंजिनियरसाहेबांनी त्याच्या एका कोपऱ्यात खिळ्यानं तारीख कोरली. परतताना बसमध्ये सगळ्यांनी एकमुखानं ठराव केला की इतकी यशस्वी सहल इमारतीच्या इतिहासात झाली नव्हती. रीझेक तर सगळ्यांना फारच आवडले.

घरी आलो तर दाराबाहेर ब्लाझेनाचे बूट होते, टाचेला ओली माती. त्यांच्याशेजारी मी माझे काढले. चरबी लावलेल्या त्या बुटांवर सिमेंट असं घट्ट बसलं होतं, की ते माझ्या पायाशिवायच उभे राहिले. आत ती टेबलाशी बसून चहा पीत होती, आईची किटली फुटल्यानं पातेल्यातून ओतलेला. मी समोर बसलो. वाटेत पाठ केलेलं सगळं विसरलो.

"चुकलो गं मी," मी म्हणालो. "त्या दिवशी हात वर करायला नको होता."

तिनं तिचा फोन माझ्यासमोर सरकवला. फोटोत शाळेची पोरं ओळीत उभी होती, सगळ्यांना पांढरे डगले, डोक्यावर हेल्मेटं. आणि मधोमध, दोन पोरींच्या खांद्यांवर हात टाकून, तसाच डगला आणि तसंच हेल्मेट घातलेली ब्लाझेना. काही पोरं तिच्यापेक्षा उंच होती. बत्तीस दात दाखवून हसत होती माझी बायको. असं हसताना मी तिला कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.

"त्यांच्या बाईंनी बोलावलं मला फोटोत," ती म्हणाली. "मी विचारलं, कितवीतली मुलं? तर म्हणाल्या, चौथी."

मी विचारलं, "कशी होती खाण?"

"अरुंद. एका वेळी एकच माणूस जातं."

"म्हणजे आपलं दोघांचं नाहीच जमायचं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, सिमेंटनं भरलेल्या माझ्या केसांकडे पाहिलं, आणि तिच्या ओठाचा कोपरा हलला. "एकामागं एक जमतं. उद्या रविवार आहे, मला पुन्हा उतरायचंय. पण आधी बूट आत घे."

मी उठलो, दार उघडलं, वाकून दोन्ही जोड उचलले. समोरचं दार किलकिलं झालं.

"व्होंद्रुश्कासाहेब," पेल्त्सोवाबाई म्हणाल्या, "बूट कुठं नेताय हो?"

मी दार लावून घेतलं.